चौदा नियम आणि चाकांवरचं घर



दिवाळीत गाव सोडून फिरायला गेले, हे लिहितानाही थोडं चुकल्यासारखं वाटतंय. सासूबाई म्हणायच्या, "चातुर्मासात साधू-साध्वी एका जागी थांबतात, मग आपल्याला कार्तिकी पौर्णिमेआधी कसली घाई?" अडतीस दिवाळ्या मी म्हसा गावातच केल्या. त्यात धर्म किती आणि कापडाचं दुकान किती, हे मला ठाऊक होतं. दिवाळीची गिऱ्हाइकं, चोपडापूजन, लगेच पौषातल्या यात्रेसाठी माल भरायचा. सून बी.कॉम. झालेली, म्हणून वह्याही माझ्याकडेच.

सासूबाई गेल्या, दुकान भाड्याने दिलं. मुलगा म्हणाला, "आई, हॉटेलचं तुला चालत नाही ना? मग स्वयंपाकघरच घेऊन जाऊ." चार दिवसांसाठी कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली, चालकासकट. मी खाखरे, थेपले, मुगाची डाळ, पाणी उकळायचं पातेलं आणि गाळणं भरलं.

आपण रोज सकाळी चौदा नियम धारतो. किती पदार्थ, किती वाहनं, किती शय्या, कोणती दिशा, किती स्नान. या गाडीत वाहन आणि शयन एकच! टाकी लहान, त्यामुळे स्नानाचा नियम आपोआप पाळला जायचा. नातू म्हणाला, "आजी, ही गाडी जैनच आहे."

पहिल्याच दिवशी वाद झाला. यांना उजेडात पाचगणी गाठायची होती. पसरणी घाटात दिवाळीची रांग लागली तर चोविहार चुकेल, म्हणून मी वाईलाच गाडी थांबवायला लावली. सूर्यास्ताआधी खिचडी खाऊन झाली. घाट अंधारात चढलो. हे गप्प होते. पण वर पोचल्यावर म्हणाले, "खिचडी छान होती."

महाबळेश्वर गव्हर्नर माल्कमने 1828 च्या सुमारास वसवलं, म्हणून तिथल्या पेठेचं नाव माल्कम पेठ. जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेचं देऊळ आहे. मला मात्र एक वेगळीच गोष्ट आवडली. तिथे पाऊस इतका, की साहेबलोक पावसाळ्याआधी डोंगर उतरून जायचे आणि राहणारे घरांना गवताचे तट्टे बांधून आत बसायचे. म्हणजे त्या गावालाही चातुर्मास होताच!

अमावास्येच्या रात्री ओळखीच्यांच्या बंगल्याच्या आवारात गाडी उभी होती. महावीरस्वामींच्या निर्वाणाचा जाप करायला बसले आणि रडू आलं. घरी देव्हाऱ्यापाशी अंधार असेल, सासूबाईंच्या जागी कोणी बसलेलं नसेल. मग गौतमस्वामी आठवले. वहीच्या पहिल्या पानावर दरवर्षी त्यांचं नाव मीच लिहायचे. पण निर्वाणाच्या रात्री ते प्रभूंपाशी नव्हते, देवशर्माला बोध करायला दुसऱ्या गावी गेले होते, हे कधी मनावर घेतलं नव्हतं. प्रभूंनीच पाठवलं होतं. राग सुटावा म्हणून. पहाटे त्यांना केवलज्ञान झालं. मी कुठली गौतम! पण घराला धरून बसले होते, एवढं मात्र त्या रात्री कळलं.

परतताना माथेरान पाहायचं ठरलं होतं. नेरळला आल्यावर चालक म्हणाला, घाट अरुंद, एवढी मोठी गाडी वर नेणार नाही. दस्तुरीपर्यंत टॅक्सी करावी लागेल, पुढे तर मोटारींना बंदीच. मी सकाळी एकच वाहन धारलं होतं. सगळे म्हणाले, "आई, आजच्या दिवस!" मुलगा तर चिडलाच. माझंही मन ओढत होतं. नेरळची छोटी गाडी 1907 ची, लहानपणापासून ऐकलेली.

मी म्हटलं, "तुम्ही जा." मुलगा, सून, नातू गेले. हे राहिले. अडतीस वर्षांत माझ्या नियमासाठी हे पहिल्यांदाच थांबले. मी सामायिक केलं, यांनी पातेल्यात पाणी उकळलं आणि न सांगता गाळलं.

आधीच्या दिवाळ्या मी थांबले होते, कारण थांबवलं होतं. या वेळी मीच थांबले. हिशेब ठेवणारीला एवढा फरक कळतो. माथेरान राहिलं. पुढच्या वेळी सकाळी दोन वाहनं धारीन.