ऊमरावट्टी

मँचेस्टरला मुलाकडे दोन महिने राहिले, त्यातले सहा आठवडे पावसात गेले. इथे बघण्यासारखं काय, असं विचारलं की जो तो फुटबॉलच्या मैदानाचं नाव घेतो. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. माझ्या डोक्यात होतं एक इंजिन. लहानपणी मूर्तिजापूरहून अचलपूरला मावशीकडे जायचं ते शकुंतला गाडीनं. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरात बनलं होतं आणि १९९४ पर्यंत आमच्याकडे धापा टाकत होतं. डोळ्यात कोळशाची कणी गेली की आई पदराचा बोळा करून त्यावर फुंकर घालायची आणि तो ऊन ऊन डोळ्यावर धरायची.

मुलानं वाचनालयातल्या फलकावरून शोध लावला, की दर मंगळवारी एका चर्चच्या सभागृहात गावाच्या इतिहासावर व्याख्यानं होतात, चहा-बिस्किटं फुकट. मी तीन मंगळवार गेले. पहिलं ब्रिजवॉटर कालव्यावर. १७६१ साली वर्स्लीच्या खाणीतला कोळसा नावेतून शहरात आला आणि त्याचा भाव निम्म्यावर उतरला. दुसऱ्या दिवशी वर्स्लीला गेले, तर खाणीतल्या लोहामुळे पाण्याला चक्क भगवा रंग. दुसरं व्याख्यान ट्रामवर. १९४९ मध्ये बंद केली आणि १९९२ मध्ये हौसेनं परत आणली, एवढं ऐकलं. पुढे वक्ते तिकिटांच्या रंगांत शिरले आणि मला डुलकी लागली. लिव्हरपूल रोडचं १८३० सालचं स्टेशनही पाहिलं. जगातल्या पहिल्या शहर-ते-शहर रेल्वेचं हे टोक, पण आपल्याकडची तहसील कचेरी त्याहून भारदस्त दिसते.

तिसरा मंगळवार कापसाचा.

वीसेक श्रोते, चौसष्टाव्या वर्षी मी त्यांत सगळ्यांत तरुण. वक्ते निवृत्त मास्तर असावेत, हातातल्या कांडीनं पडद्यावर टकटक करत बोलत होते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं कोंडली, कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या. मग हिंदुस्थानातून गाठी आल्या. कुठल्याही गावच्या असोत, इथे सगळ्यांना एकच नाव, 'सुरत'. धागा आखूड, त्यात कचरा. मागावर सूत सारखं तुटायचं, आणि मजुरी तर विणलेल्या कापडावर. लोक म्हणे प्रार्थना करायचे की देवा, कापूस दे, पण सुरत नको. शेवटी हलक्या मालाला सुरत म्हणायची पद्धतच पडली. एका दारू गाळणाऱ्यानं तर आपल्याला 'सुरत' म्हटलं म्हणून दावा लावला. सभागृह खो खो हसलं. मीही हसले, दोन सेकंद उशिरा.

पडद्यावर लिव्हरपूलच्या बाजारभावांचा जुना तक्ता आला. कांडी एका ओळीवर थांबली. "ऊम-रा-वट्टी," ते अडखळत म्हणाले. मला उमगायला अंमळ वेळ लागला. अमरावती! माझं गाव, हलक्या मालाच्या रकान्यात.

मग एक लाकडी पेटी फिरली. दोन कप्पे, एकात अमेरिकन रुई, दुसऱ्यात आपली. बाकीचे नुसतं बोट लावून पेटी पुढे सरकवत होते. माझ्या हातात आली तशी मी चिमूटभर घेतली, दोन अंगठ्यांत धरून ओढली, अर्धी अर्ध्यावर ठेवून पुन्हा ओढली. चार-पाच वेळा केलं की तंतू सरळ होतात. माझ्या बाबांची कॉटन मार्केटात अडत होती. ते असा पुंजका काळ्या छत्रीच्या कापडावर ठेवून लांबी बघायचे. मी ओव्हरकोटाच्या बाहीवर ठेवला. जेमतेम पाऊण इंच. मास्तरांचं म्हणणं खरं होतं.

तेवढ्यात ते गाठींतल्या लबाडीवर आले. सरकी, खडे, वर मारलेलं पाणी. कापसातली फसवणूक रोखायला मुंबई सरकारला १८६३ मध्ये कायदा करावा लागला. शेतकऱ्याची बाजू मांडायला मी हात वर केला आणि आमच्या वखारीचं अंगण आठवलं. दिवेलागणीला गडी गंजावर हलकेच पाणी शिंपडायचा, बाबा दुसरीकडे बघायचे. वर गेलेल्या हातानं मी शाल सारखी केली.

चहाच्या वेळी मास्तर स्वतःच आले. "तुमचे अंगठे पाहिले मी. कुठे शिकलात?"

"ऊमरावट्टीला."

बिचारे लालबुंद झाले. शेजारच्या आजीबाई, त्यांची पणजी विणकर होती, तिच्या वतीनं मला सॉरी म्हणाल्या आणि आल्याचं बिस्किट पुढे केलं. मी म्हटलं, माफी राहू द्या, पण एवढं लिहून घ्या. अमेरिकेतली लढाई १८६५ मध्ये संपली. रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये, खामगावचा फाटा १८७० मध्ये. तोवर आमचा कापूस बैलगाडीतून धूळ खात निघायचा. मास्तरांनी खरंच पाकिटाच्या पाठीवर सालं लिहून घेतली. शकुंतलेचं इंजिन कुठे बनलं विचारलं तर म्हणाले, पॅट्रिक्रॉफ्टला. (दुसऱ्या दिवशी त्या स्टेशनावर उतरून पाऊण तास पावसात उभी राहिले. सांगण्यासारखं काही नाही.)

बोलता बोलता आजीबाईंचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. "हे काय केलंत?"

पेटीतला तो पुंजका माझ्याकडेच राहिला होता आणि बोटांनी सवयीनं त्याची वात वळली होती. समईला लागते तशी, दोन्ही टोकं निमुळती. मी ओशाळून ती उलगडायला लागले, तर मास्तरांनी हात आडवा घातला. पेटी उघडून त्यांनी ती वात 'सुरत'च्या कप्प्यात तशीच आडवी ठेवली.