हसत्याखेळत्या पोराचं ऑपरेशन

आमच्या मुलाचं लिव्हर बदललं असं सांगितलं की लोक आधी विचारतात, कावीळ झाली होती का? कावीळ त्याला कधीच झाली नाही. सोनोग्राफीत लिव्हर अगदी स्वच्छ दिसायचं. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात तो विरारजवळच्या नंदाखालच्या आमच्या वाडीत पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसला होता आणि आजीने विकायला काढून ठेवलेल्या सोनचाफ्याच्या पाकळ्या एकेक करून पाण्यात सोडत होता. सासूबाई मला म्हणाल्या, "बाय, पोर हसतंय, खेळतंय. त्याला कापायचं कशाला?"

हा प्रश्न त्यांचा एकट्यांचा नव्हता. मलाही त्याचं उत्तर मिळायला बराच काळ लागला.

तो दहा महिन्यांचा असताना सगळं सुरू झालं. पेज, केळं तो आवडीने खायचा. वरण किंवा मासळी तोंडाजवळ नेली की मान फिरवायचा. एकदा ताप आला, उलट्या झाल्या, आणि ताप उतरल्यावरही तो गुंगीतच राहिला. जवळच्या दवाखान्यात सलाइन आणि अँटिबायोटिक दिलं. इन्फेक्शनचे रिपोर्ट ठीक येत होते आणि मूल डोळे उघडत नव्हतं. रात्री रुग्णवाहिकेतून मुंबई गाठली. वर्सोव्याच्या खाडीपुलावर ट्रकच्या रांगेत अडकलो, तेव्हा मी त्याच्या तळपायाला चिमटे काढत होते, रडावा म्हणून. तो रडला नाही.

मुंबईत एका तरुण डॉक्टरणीने विचारलं, "अमोनिया केलाय का?" हा शब्द आम्ही फक्त खताच्या संदर्भात ऐकला होता. रक्त काढून नळी बर्फात ठेवली आणि वॉर्डबॉय ती घेऊन धावतच गेला. नमुना नुसता पडून राहिला तर आकडा खोटाच वाढतो. त्या लॅबच्या हिशेबाने तो पन्नासच्या आत हवा होता. त्याचा चारशेच्या वर होता.

पुढे निदान झालं, सिट्रुलिनेमिया. प्रथिनं पचली की शरीरात नायट्रोजन उरतो, त्याचा अमोनिया होतो, आणि लिव्हर त्या अमोनियाचा युरिया करतं, जो लघवीवाटे बाहेर पडतो. हे काम एकामागून एक पायऱ्यांनी होतं आणि प्रत्येक पायरीला वेगळं एन्झाइम लागतं. आमच्या मुलात त्यातलं एक जवळजवळ नव्हतंच. त्यामुळे अमोनिया रक्तात साठायचा आणि मेंदूवर चढायचा. बाकी लिव्हर सगळी कामं चोख करत होतं, म्हणून तर सोनोग्राफीत काही दिसत नव्हतं.

जनुकांच्या तपासणीत कळलं की दोष आम्हा दोघांकडून आलाय. नवऱ्याकडे एक चांगली प्रत, एक बिघडलेली, माझ्याकडेही तसंच. आम्ही दोघं ठणठणीत, आणि मुलाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या. समुपदेशकांनी विचारलं, तुम्ही नात्यातले का? नाही म्हणालो. मग त्यांनी विचारलं, एकाच समाजातले का? आम्ही दोघं कुपारी ख्रिस्ती समाजातले, वसई तालुक्यातलेच. पिढ्यान्‌पिढ्या याच गावांमधून मुली दिल्या-घेतल्या जातात. लहान समाजात असं चालत आलं की नकळत एकच दोष दोन्ही घरांत असण्याची शक्यता वाढते, असं त्यांनी समजावलं. कुणाला दोष देण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी घरी आल्यावर सासूबाई दोन्हीकडच्या लहानपणीच गेलेल्या लेकरांची नावं आठवत बसल्या. अशी लेकरं प्रत्येक घरात असतात. ती कशाने गेली हे आता कोण सांगणार?

नंतरची दोन-अडीच वर्षं आमच्या स्वयंपाकघरात वजनकाट्याचं राज्य होतं. दिवसाला ठरलेले ग्रॅम प्रथिनं, त्यापेक्षा जास्त नाही आणि कमीही नाही. कमी पडली तर वाढ खुंटते आणि शरीर स्वतःचेच स्नायू मोडायला लागतं. सोडियम बेंझोएट आणि आर्जिनिन ही औषधं रोज. बेंझोएट नायट्रोजनला दुसऱ्या वाटेने लघवीत घेऊन जातं, पण त्याची चव इतकी वाईट की बाटली दिसली तरी तो पळायचा. सुकेळी त्याला फार आवडायची. ऊन कडक झालं की घराघरांत राजेळी केळी सोलून वाळत घातलेली असायची, आणि मी त्यातला तुकडा काट्यावर ठेवून वहीत लिहायची. नाताळात, लग्नाच्या मांडवात, बाप्तिस्म्याच्या जेवणात मी त्याला कडेवर घेऊन ताटांपासून लांब उभी असायची. प्रेमापोटी कुणीतरी त्याच्या तोंडात मटणाचा तुकडा घालील याची मला भीती वाटायची.

खरा धोका मात्र ताटात नव्हता. साधा ताप आला, पोट बिघडलं आणि खाणं थांबलं की शरीर स्नायू मोडून काम चालवतं. ती प्रथिनंच, त्यातूनही अमोनिया होतो. म्हणजे एक घास न देताही मूल बेशुद्ध होऊ शकतं. माझ्या पर्समध्ये डॉक्टरांचं पत्र कायम असायचं : प्रथिनं बंद करा, ग्लुकोज लावा, अमोनिया तपासा, वाट पाहू नका. विरारपासून चर्चगेट ६० किलोमीटर. पावसाळ्यात रुळांवर पाणी आणि हायवेवर कोंडी असली की ते किती लांब होतं हे आमच्या भागातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दुसरा झटका अशाच एका जुलैत आला.

त्या झटक्यातून तो बाहेर आला, पण बोलायला लागलेले शब्द हरवले. 'पाणी', 'फूल' म्हणणारा मुलगा नुसता बोट दाखवू लागला. तेव्हा लिव्हरच्या डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, "नवं लिव्हर अमोनिया थांबवेल. गेलेलं परत आणणार नाही. जितकं उशिरा कराल, तितकं कमी वाचवाल." सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. तो हसतोय, खेळतोय, म्हणूनच आत्ता.

माणसातलं पहिलं लिव्हर प्रत्यारोपण डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला एका लहान मुलावर केलं. ते मूल वाचलं नाही. भारतातलं पहिलं यशस्वी लिव्हर प्रत्यारोपण नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात झालं, तेही दोन वर्षांच्या आतल्या मुलावर, वडिलांच्या लिव्हरचा तुकडा लावून. तो मुलगा पुढे डॉक्टर झाला. नवऱ्याने ही बातमी मोबाईलमध्ये ठेवली होती, आणि जो भेटेल त्याला दाखवायचा.

लिव्हर द्यायला आधी नवराच पुढे झाला. सीटी स्कॅनमध्ये त्याचं फॅटी लिव्हर निघालं. मग मी. मला एकच शंका होती : माझ्यातही हा दोष अर्धा आहे, मग माझं लिव्हर चालेल का? डॉक्टर म्हणाले, अर्ध्या ताकदीचं एन्झाइम पुरेसं असतं, तुम्ही इतकी वर्षं त्यावरच जगताय. डाव्या बाजूचा छोटा भाग त्याच्यासाठी पुरणार होता, आणि माझं उरलेलं लिव्हर काही आठवड्यांत भरून येणार होतं. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे आईला परवानगी सोपी असते. तरी कॅमेऱ्यासमोर बसून सांगावं लागलं की मी कुणाच्या दबावाखाली नाही. मला त्या प्रश्नाचा राग आला नाही. सुनांवर दबाव येतो, हे मला माहीत आहे.

खर्चाचा आकडा वीस लाखांच्या घरात गेला. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात युरिया चक्राचे आजार पहिल्या गटात आहेत, एकदाच्या उपचाराने बरे होऊ शकणारे. या गटाला मदतीची मर्यादा आधी २० लाख होती, २०२२ मध्ये ती ५० लाखांपर्यंत नेली. मुंबईत त्यासाठीचं केंद्र केईएम रुग्णालयात आहे. हे आम्हाला कळेपर्यंत नवऱ्याने वाडीचा तुकडा गहाण टाकला होता, आणि रविवारच्या मिस्सानंतर देवळाच्या आवारात लोकांनी पैसे गोळा केले होते. आमच्यासारख्या घरांना धोरण आहे हे निदानाच्या दिवशीच कुणीतरी सांगायला हवं.

ऑपरेशनबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं कमी आहे, कारण मी झोपेत होते. शुद्धीवर आल्यावर पोटात आग होती आणि नवरा मोबाईलवरचा एक आकडा माझ्या डोळ्यांसमोर धरत होता. अमोनिया, तेहेतीस. मी तो पुन्हा पुन्हा वाचायला लावला.

आता तो वरण खातो, अंडं खातो, आगाशीचं कोंबडीचं भुजिंगही खातो. बेंझोएट सुटलं. त्याजागी टॅक्रोलिमस आलं आहे, सकाळ-संध्याकाळ घड्याळ लावून, आयुष्यभर. नाहीतर शरीर माझा तुकडा परका मानून नाकारेल. वाडीतलं पपनस बंद, कारण त्याने या औषधाची रक्तातली पातळी वाढते. ताप आला की अजूनही धावावं लागतं, फक्त कारण बदललंय : औषधाने प्रतिकारशक्ती दबलेली असते. शब्द हळूहळू येताहेत. स्पीच थेरपिस्टकडे जातो, तीन शब्दांची वाक्यं बोलतो. त्याच्या वयाची मुलं गोष्टी सांगतात. या फरकातला किती भाग त्या जुलैचा, हे मी डॉक्टरांना एकदा विचारलं आणि पुन्हा विचारलं नाही.

दुसरं मूल हवं असं आम्हा दोघांनाही वाटतं. दर वेळी चारात एक शक्यता. अकराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा नमुना घेऊन तपासणी होऊ शकते. आम्ही कॅथलिक आहोत. तपासणीत दोष निघाला तर पुढे काय, यावर घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. मी बोलले. मला तपासणी हवी आहे ती मूल नाकारायला नव्हे, तर जन्माच्या पहिल्या तासापासून तयार राहायला : प्रसूती मुंबईत, ग्लुकोज आणि औषधं आधीच मागवलेली, पहिल्याच दिवशी अमोनिया. असं केलेल्या बाळांना तो पहिला झटका बऱ्याचदा टळतो, असं समुपदेशक म्हणाल्या. कोणत्या रुग्णालयात ही तयारी आहे, त्याची चौकशी नवरा करतोय.