उकिरड्याची ऊब

देवणी म्हटले की लोकांना येथील गोवंश आठवतो. आम्हांला मात्र आधी आठवते ती आईच्या डोक्यावरची शेणाची पाटी. पौषातल्या पहाटे, बोटे वळत नाहीत अशा थंडीत, ती दुसऱ्यांचे गोठे झाडी आणि शेण त्यांच्याच उकिरड्यावर नेऊन टाकी. उकिरड्यातून वाफ निघत असे. पाटी रिकामी केल्यावर आई क्षणभर त्या वाफेवर हात धरी. ढीग आतून गरम का असतो, हे तिला कोणत्या शाळेने शिकविले नव्हते. पण तो गरम असतो, हे तिला ठाऊक होते.

या विद्यालयाच्या वसतिगृहातील ओला कचरा कुजवून खत करण्याचे ठरले, तेव्हा आईचे ते ज्ञान आम्ही विसरलो होतो, हे कबूल केले पाहिजे. पहिल्या हिवाळ्यात कोपऱ्यात लहानसा ढीग केला. भाजीची देठे, शिळे अन्न, चहाचा चोथा आणि वरून रोज पाणी. माघ सरला तरी ढीग थंडच. दुर्गंधी तेवढी वाढली. चूक आमचीच होती. कचरा कुजविणारे सूक्ष्मजीव स्वतः उष्णता निर्माण करतात. पण ढीग लहान असला तर ती बाहेरच्या थंडीत निघून जाते. पाणी अधिक झाले की आत हवा उरत नाही आणि कुजण्याऐवजी सडणे सुरू होते.

दुसऱ्या वर्षी ढीग तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तेवढाच उंच रचला. तळाशी तुराट्या, त्यावर सोयाबीनचे भुसकट व वाळला पाला, मग ओला कचरा, मग शेणकाला, असे थर दिले. ओल्याच्या दुप्पट कोरडे घातले. मुठीत दाबल्यास हात ओलसर व्हावा, पाणी मात्र गळू नये, इतकीच ओल ठेवली. वरून गोणपाट पांघरले आणि ऊब निघून जाऊ नये म्हणून वारंवार उलथणे टाळले. आठवड्याभरात आत खुपसलेली लोखंडी कांब हाताला चटका देऊ लागली. असा ढीग आतून ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो.

याच सुमारास एका पालकांनी आम्हांला गाठले. "गुरुजी, लेकरू शिकायला धाडलंय. शेणात हात घालायचं काम आमच्या बापजाद्यानं केलंच की!"

आम्ही निरुत्तर झालो. त्यांचे दुःख आमच्याच घरचे होते. जात नुसती कामे वाटून देत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड लावते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. शेण हलके नव्हते. ते जन्मावरून एकाच्याच माथी मारणे हलकट होते. म्हणून आम्ही पाळीपत्रक लावले. पहिले नाव मुख्याध्यापकांचे, दुसरे आमचे, मग सर्व शिक्षकांचे आणि त्यानंतर विद्यार्थ्यांचे. सूट कोणालाही नाही. शेणकाल्याने भरलेले आमचे हात पाहून ते पालक बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "असं असंल तर राहू द्या त्याचं नाव."

त्या आठवड्यात इतिहासाचा तास आम्ही ढिगापाशी घेतला. इंदूर येथील कंपोस्टच्या प्रयोगांवर अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९३१ साली ग्रंथ लिहिला. हॉवर्ड जगाला माहीत झाले, वाड फारसे झाले नाहीत. गावोगाव पिढ्यान्‌पिढ्या उकिरडे राखणाऱ्या हातांची तर इतिहासात नोंदच नाही. मुलांनी विचारले, "मग ती नावं कोण लिहिणार?" आम्ही आईचे नाव फळ्यावर लिहिले.

आईच्या पाटीतले खत तिच्या शेतात कधी पडले नाही. तिला शेतच नव्हते. या ढिगाचे खत मुलांच्याच वांग्यांना व मेथीला जाते, आणि ती भाजी त्यांच्याच ताटात येते. खतावर हक्क कोणाचा, हा प्रश्न आमच्यापुरता तरी येथे सुटला आहे.