बावीस फूट बाय सात फूट

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून आमच्याकडे रात्रीचं जेवण लवकर उरकतं. साडेदहाला हे टॉर्च धरतात, मी एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात पापड भाजायचा जुना चिमटा घेते आणि आम्ही मागच्या दारी गोगलगायी वेचायला उतरतो. बादलीत मिठाचं पाणी. यंदा पहिल्याच रात्री एकसष्ट निघाल्या. मोजायची काही गरज नसते, पण मोजल्याशिवाय राहवत नाही. गाडी चुकल्याचा राग घड्याळ बघून काढावा, तसं ते आहे.

बदलापूरला तळमजल्यावरचा फ्लॅट घेतला तो या मागच्या पट्टीसाठी. सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर लांब जायचंच आहे, तर निदान पायाखाली माती तरी असू दे, असा तेव्हाचा हिशोब. बिल्डरच्या रंगीत कागदावर तिला ‘प्रायव्हेट गार्डन’ म्हटलं होतं. करारनाम्यात ती नुसती ‘मोकळी जागा’ झाली. लांबी बावीस फूट, रुंदी सात, त्यातही एका टोकाला ड्रेनेजचं झाकण. पहिली कुदळ मारली तेव्हा मातीचा आवाज आलाच नाही, खण्ण झालं. वीतभर मातीखाली सगळं डेब्रिज: टाइल्सचे तुकडे, गोठलेली सिमेंटची गोणी (गोणीचा आकार जसाच्या तसा), वायरींचे गुंतवळे, आणि का कोण जाणे, एक चांगली शाबूत कपबशी. ती अजून आमच्याकडे आहे.

त्या सिमेंटने पुढे अनंताला छळलं. अनंत मी हट्टाने लावला, कारण माहेरच्या दारात होता आणि पहिल्या पावसात त्याच्या वासाने ओटीवर बसवत नसे. इथे त्याची पानं पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्यागार, मधली जागा हळदीसारखी. खत घाल, शेणखत घाल, ताक ओत, सगळं झालं. शेवटी नर्सरीतल्या माळ्याने पान उन्हात धरून पाहिलं आणि विचारलं, ‘खाली भराव आहे का?’ चुन्या-सिमेंटच्या मातीत लोह असलं तरी अनंताला ते उचलता येत नाही, झाड उपाशी राहतं. त्याने हिराकस दिलं. चिमूटभर, पाण्यात विरघळवून. दोन महिन्यांनी नवी पानं हिरवी आली, चार कळ्याही धरल्या. त्यातल्या तीन जुलैच्या झडीत न उमलताच गळाल्या. एका फुलाचा वास मात्र पार जिन्यापर्यंत गेला होता, असं पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. मी तेव्हा ऑफिसात होते.

या गोगलगायी आपल्या नव्हेतच. यांचं मूळ पूर्व आफ्रिकेत. बेन्सन नावाच्या इंग्रज शंखतज्ज्ञाने मॉरिशसहून आणलेल्या काही १८४७ साली कोलकात्यात चौरंगीच्या एका बागेत सोडल्या गेल्या, आणि आता त्यांची लेकरंबाळं माझी झेंडूची रोपं रात्रीतून बुडख्यापर्यंत खातात. दोष सगळा बेन्सनसाहेबांना देता येत नाही. आमच्याकडे त्या मीच पैसे देऊन आणल्या, लाल मातीच्या पिशव्यांतून, बहुधा अंड्यांच्या रूपात. पावसाळा सरला की त्या मातीत शिरतात, शंखाच्या तोंडाशी कागदासारखा पडदा धरतात आणि उन्हाळाभर झोपून काढतात. मे महिन्यात वाफा उकरताना असा एखादा बंद शंख हाती लागला की क्षणभर हेवा वाटतो. बदलापूरचा मे ज्याने काढलाय त्याला कळेल.

गुळाच्या पाण्यात गोणपाट भिजवून रात्री वाफ्यात टाकलं तर सकाळी त्याखाली त्या आयत्या गोळा झालेल्या सापडतात. हा उपाय सोयाबीनवाल्या शेतकऱ्यांचा. आमच्याकडे गुळाला आधी मुंग्या आल्या. मग मुंग्या तिथूनच जास्वंदीवर चढल्या.

जास्वंदीचा खरा मालक वेगळाच. पहाटे साडेपाचला पाणी भरायला उठले, तर कुंपणाबाहेर एक आजोबा. हातात दुधाची पिशवी, काठीच्या टोकाला तारेची आकडी. आमच्या फांद्या ती आकडी लावून वाकवत होते. मी मागचं दार उघडलं. पळतील अशी अपेक्षा होती. ते म्हणाले, ‘देवाला आहेत हो,’ आणि आणखी दोन घेतली. मी काही बोलणार, एवढ्यात त्यांनी फांदी माझ्याकडे वळवून धरली. ‘पिठ्या पडलाय हिला. हे बघा, पांढरं. साबणाचं पाणी मारा, नाहीतर गणपतीत काय करणार?’ ज्याचं चोरलं त्यालाच मालाबद्दल तक्रार ऐकवणारा चोर मी पहिल्यांदा पाहिला. पिठ्या खरंच होता. खोडाच्या बेचक्यात कापसाचे बारके पुंजके, चिमटीत धरले की चिकट. साबणाचं पाणी मारलं, वर कडुनिंबाचं तेल. गणपतीत एकवीस फुलं निघाली. कुणाच्या देवाला किती गेली, ते विचारू नका.

मोगऱ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, तो शहाणा आहे. जानेवारीत जिवावर उदार होऊन छाटला की मार्च-एप्रिलात ओंजळभर देतो. छाटताना दरवर्षी हात अडतो एवढंच.

खरं दुखणं लिंबाचं. सहा वर्षं झाली, झाड माझ्या डोक्यावर गेलं, काटे बोटभर, पण लिंबू एक नाही. दुसऱ्या मजल्यावरचे काका वरुडचे, घरची संत्र्याची बाग. ते गॅलरीतून रोज खाली बघतात आणि रोज एकच सांगतात, ‘लिंबाले तान द्या जी वहिनी, तान! लाडावलं थे.’ मृग बहार धरायचा तर मेमध्ये पाणी तोडायचं, पानं सुकून गळायला लागली तरी बघत राहायचं, म्हणजे पावसाच्या पाण्याबरोबर फुलं फुटतात. गेल्या वर्षी मी महिनाभर तोडलं. झाड हूं की चूं करेना, उलट तकतकीत. जूनच्या तोंडाशी शोध लागला की ड्रेनेजच्या चेंबरला तडा गेलाय आणि लिंबू पोटभर आमच्याच मोरीचं पाणी पितोय.

यंदा चेंबर दुरुस्त केला. लिंबाला ताण बसला. पानं खाली वळली, निम्मी गळाली, आणि चाळीसच्या वर गेलेल्या पाऱ्यात समोर भरलेला पाइप हातात धरून मी त्याला पाणी देत नव्हते. असं काही मी माणसांशीही फारसं केलेलं नाही. मग ढग आले, दोन जोरदार सरी झाल्या आणि आठवड्यात सगळ्या शेंड्यांना पालवी फुटली, पोपटी, मऊ, हाताला ओली लागणारी. फुलं? तीन-चार पांढरे ठिपके दिसले खरे. बाकी पालवीच.

आणि पालवीवर पक्ष्याची शीट. निदान मला तसं वाटलं. पुसायला गेले तर ती हलली. अळ्या होत्या, सात. तपकिरी, मधे पांढरा पट्टा, ओलसर. चिमटा हातात होताच, बादलीही भरलेली. एकीला काडीने टोचलं तर तिने डोक्यामागून दोन लालसर शिंगं बाहेर काढली आणि असा उग्र वास सोडला की मीच मागे सरले. लिंबावर बहुतेकदा काळं-पिवळं साधं फुलपाखरू अंडी घालतं, पण नीलवंतही घालतं. काळ्या मखमलीवर फिकट निळं, तळहाताएवढं. महाराष्ट्राने २०१५ साली त्याला राज्य फुलपाखरू केलं. देशात असं करणारं हे पहिलं राज्य. अळी एवढीशी असताना ती कोणाची हे मला काही ओळखता येईना. बादली मी पायरीवर ठेवली.

सकाळी मोजल्या तर चार. केबलच्या तारेवर बुलबुल बसला होता, चोच तारेला पुसत. शेंड्यांची पानं मधल्या शिरेपर्यंत गेलेली. सहा चाळीसची गाडी होती, मी डबा पिशवीत टाकत होते, तेवढ्यात वरून हाक आली, ‘लिंबाले काई लागलं का जी?’

‘लागलंय,’ मी म्हटलं, आणि स्टेशनकडे निघाले.