उजवी बाजूच नाही

पोथ्या हाताने उतरविल्या जात त्या काळी पानाच्या कडेने कोरी जागा सोडण्याची रीत होती. तिला समास म्हणत. उतरविताना एखादा शब्द गळला तर ओळीत हंसपदाची खूण करून तो समासात लिहीत; पानाचा क्रमांकही तेथेच येई. पोथीला कसर लागली, पाणी शिरले किंवा पान हाताळून झिजले, की प्रथम जाई तो समास. आमच्या ब्लॉगची उजवी बाजूपट्टी आम्ही समासाप्रमाणेच वापरीत आलो आहोत. जुन्या लेखांची महिनेवार यादी, विषयवार सूची, देवनागरी टंकण्याविषयीची टीप, स्नेह्यांच्या ब्लॉगांचे दुवे, वाचकसंख्या मोजणारी चौकट आणि या सर्वांहून महत्त्वाचा असा मराठी अर्जाचा एक नमुना, एवढा संसार त्या अरुंद पट्टीत नांदत असे.

या चौकटींना विजेट म्हणतात. 1924 सालच्या 'बेगर ऑन हॉर्सबॅक' या अमेरिकन नाटकात हा शब्द एका काल्पनिक उत्पादनाचे नाव म्हणून येतो. पुढे अर्थशास्त्राच्या पुस्तकांनी 'कोणतीही एक वस्तू' या अर्थी तो उचलला आणि शेवटी संगणकवाल्यांनी. मराठीत त्याला संस्कृत पर्याय सुचविणारे पुष्कळ आहेत. आमच्या मते त्याची गरज नाही. तिकीट, पाकीट यांच्या पंक्तीला बसून विजेट केव्हाच नपुंसकलिंगी झाले आहे, आणि 'तिकिटे, पाकिटे' या चालीवर 'विजेटे' हे अनेकवचनही जिभेवर सहज येते. शब्दाने लिंग आणि वचन स्वीकारले की तो घरचा झाला असे समजावे.

जोयडा तालुक्यातील दिग्गी येथील एका वाचकाने आम्हांस कळविले : "तुम्ही लेखात 'उजवीकडील अर्जाचा नमुना पाहा' असे लिहिता. आमच्याकडे उजवी बाजूच नाही."

दिग्गी हे सह्याद्रीच्या माथ्यावरचे, गोव्याच्या हद्दीला लागून असलेल्या रानातले गाव. काळी नदीचा उगम याच परिसरातला. ही नदी पुढे सुपा धरणाला मिळते. त्या धरणाच्या पाण्यात जुने सुपे बुडाले, तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. आमच्या या वाचकाच्या घरी बोलतात ती कोकणी, वाचतात ते मराठी, आणि सरकारी कागद येतो तो कन्नडमध्ये. त्यांना हवा होता तो नेमका अर्जाचा नमुना. राज्यघटनेच्या 350 व्या कलमान्वये कोणत्याही व्यक्तीस आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणार्थ संघराज्याच्या वा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येते. 'वापरात असलेली भाषा' याचा अर्थ संकोचून अर्ज परत करणारे टेबल आम्ही पाहिले आहे. म्हणूनच नमुन्यात कलमाचा संपूर्ण उल्लेख होता, आणि त्याखाली 350 ख या कलमान्वये नेमल्या जाणाऱ्या भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे प्रत पाठविण्याची सूचना. हा सर्व मजकूर आमच्या टेबलावरील संगणकावर व्यवस्थित दिसत होता.

वकिलीत एक सवय जडते. साक्षीदार जे सांगतो ते खोटे ठरविण्याआधी तो कोठे उभा होता हे विचारावे. विजेट नाहीसे झाल्याची तक्रार आली की हाच प्रश्न पहिला. सर्वांना दिसत नाही की एकालाच? मोबाइलवर की संगणकावर? पहिल्या पानावर की एखाद्या लेखाच्या पानावर? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संपूर्ण पट्टी गेली, एखादेच विजेट गेले, की चौकट जागेवर असून आतून रिकामी आहे? या तिन्ही गोष्टींची कारणे निराळी असतात. लोक 'गेले' या एकाच क्रियापदाने तिन्ही सांगतात, आणि शोध भलत्या दिशेने सुरू होतो.

संपूर्ण पट्टी गेल्यासारखी वाटते तेव्हा पुष्कळदा ती गेलेली नसते. पानाच्या अगदी तळाशी घसरलेली असते. लेखाचा स्तंभ आणि पट्टी मिळून पानाची रुंदी भरते. लेखात स्तंभापेक्षा रुंद चित्र वा तक्ता आला, किंवा मजकुराची एखादी अदृश्य चौकट उघडून बंद करावयाची राहिली, की पट्टीला शेजारी जागा उरत नाही. वर्डमध्ये तयार झालेला मसुदा जसाच्या तसा चिकटविला तर अशा अर्धवट खुणा त्याबरोबर येऊ शकतात. गंमत अशी की हा दोष ये-जा करतो. पहिल्या पानावर पाच-सहा लेख असतात. त्यांतील दोषी लेख जोवर तेथे आहे तोवर पट्टी खाली, आणि नवे लेख येऊन तो मागे गेला की पट्टी आपोआप वर! भुताटकी म्हणून सोडून देणारे भेटतात. उपाय साधा आहे. एकेक लेख स्वतंत्र उघडावा; ज्याच्या पानावर पट्टी घसरलेली दिसेल तो दोषी.

मराठीत लिहिणाऱ्यांस यात एक खास अडचण आहे. देवनागरी पत्ता ब्राउझरच्या खिडकीतून उचलून लेखात चिकटविला की त्याचे अक्षर न् अक्षर टक्केचिन्हे आणि रोमन अंकाक्षरे यांत बदलते. युनिकोडच्या प्रचलित लेखनात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन अक्षरांनी लिहिला जातो. 'दिग्गी' या नावात द, वेलांटी, ग, हलन्त, पुन्हा ग आणि दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हे. म्हणजे पत्त्यात चोपन्न अक्षरे, मध्ये एकही मोकळी जागा नसलेली. शीर्षकात पाच-सहा मराठी शब्द असलेल्या लेखाचा पत्ता याच न्यायाने काही शे अक्षरांचा होतो, ओळीत कोठेही मोडत नाही आणि स्तंभ फोडून थेट पट्टीवर चढतो. उघडा पत्ता कधीही चिकटवू नये. दोन मराठी शब्द लिहून त्यांच्यामागे दुवा जोडावा.

दिग्गीचे प्रकरण मात्र यातले नव्हते. तेथे सर्व लेखांवर, सदैव, पट्टी नव्हतीच. वाचक मोबाइलवर वाचत होते आणि आम्ही संगणकावर पाहत होतो, एवढाच पहिला उलगडा. लहान पडद्यावर दोन स्तंभ मावत नाहीत. म्हणून काही साचे पट्टी लेखाच्या खाली नेतात, काही ती सरळ लपवितात. ब्लॉगरच्या जुन्या मोबाइल साच्यांत शीर्षक, लेख, पानांची यादी, परिचय अशी मोजकीच विजेटे आपसूक येतात. इतर विजेट मोबाइलवर हवे असेल तर साच्याच्या कोडमध्ये त्या विजेटच्या ओळीत 'मोबाइल' या गुणधर्मापुढे 'येस' असे स्वहस्ते लिहावे लागते, आणि मोबाइल साचा 'कस्टम' या प्रकारावर ठेवावा लागतो. वाचकाच्या हाती तात्पुरता उपाय असतो. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह, रोमन एम, बरोबरचे चिन्ह आणि शून्य असे जोडले की मोबाइलवरही संगणकाचे पान उघडते.

आम्ही हे कळविले. उत्तर आले की पट्टी आता दिसते. जुन्या लेखांची यादी आहे, टीप आहे. पण अर्जाची चौकट नुसती पांढरी आहे. वर मथळा, खाली काही नाही.

हिवाळ्यात त्या बाजूस जाणे झाले तेव्हा आम्ही प्रत्यक्ष पाहिले. वाचकाच्या ओटीवर रेंज 2जीवर उतरलेली. पान उघडले, अर्जाची चौकट रिकामी, वाचकसंख्येचीही रिकामी. तोच फोन घेऊन आम्ही दोघे चढ चढून, जेथे गावातील मुले संध्याकाळी फोन घेऊन बसतात त्या खडकापाशी गेलो. तेथे रेंज पुरेशी होती. पान पुन्हा उघडले, आणि दोन्ही चौकटी भरलेल्या! फोन तोच, ब्राउझर तोच, पान तेच. आमच्या सोबत्याने विचारले, "म्हणजे अर्ज वाचायला डोंगर चढायचा काय?" प्रश्न रास्त होता.

कारण असे. पट्टीतील काही विजेटे ब्लॉगच्या मालकीची असतात. यादी, टीप, सूची ही त्याच घरात शिजतात. काही परक्या संकेतस्थळावरून त्या क्षणी मागविली जातात. अर्जाचा कागद दाखविणारी चौकट अशी परकी होती, वाचक मोजणारीही. तिचे कोड 'डॉक्युमेंट-राइट' नावाच्या जुन्या पद्धतीचे होते, म्हणजे परके कोड येऊन पोहोचेपर्यंत पुढचे पान थोपवून धरणारे. मंद जोडणीवर अशाने सगळे पानच अडते. म्हणून क्रोम ब्राउझरने 2016 साली, आपल्या 55 व्या आवृत्तीपासून, जोडणी 2जी असेल तर अशा रीतीने येणारे परके कोड रोखण्याची व्यवस्था केली. ही व्यवस्था वाचकाच्या सोयीसाठीच आहे आणि ती योग्यही आहे. परंतु तिचा परिणाम असा की ज्याच्याकडे रेंज कमी त्याच्याच पट्टीतून विजेट जाते, तेही काही न सांगता. शहरातील ब्लॉगलेखकास याचा पत्ता लागण्याचा मार्गच नाही, कारण त्याच्या संगणकावर सारे आलबेल असते.

परक्या विजेटांच्या आणखी दोन व्याधी येथे सांगून टाकतो. पान सुरक्षित म्हणजे 'एचटीटीपीएस' पत्त्यावर असेल आणि विजेटचे कोड साध्या 'एचटीटीपी'वरून मागविलेले असेल, तर ब्राउझर ते रोखतो. कोडमधील पत्त्यात एक 'एस' वाढवून पाहावा, दुसऱ्या टोकाने तशी सोय केलेली नसेल तर विजेट काढावे. दुसरी व्याधी मरणाची. फ्लॅशवर चालणारी घड्याळे आणि चित्रमाला 2020च्या अखेरीस अडोबीने फ्लॅशचा आधार काढताच गेल्या. गूगल प्लसच्या चौकटी एप्रिल 2019मध्ये. यांच्यावर उपचार नाही. जाहिराती रोखणारी साधनेही वाचकसंख्येची चौकट गिळतात. ब्राउझरच्या खासगी खिडकीत पाहिले की बहुधा उलगडा होतो.

वर्डप्रेसवर लिहिणाऱ्या स्नेह्यांची तक्रार वेगळी असते. तेथे साचा बदलला की जुनी विजेटे नव्या पट्टीत दिसत नाहीत. ती बहुधा 'निष्क्रिय विजेटे' या खणात शाबूत असतात. तेथून उचलून परत ठेवावी. खरे नुकसान होते ते ब्लॉग एका ठिकाणाहून दुसरीकडे हलविताना. वर्डप्रेस विजेटचा मजकूर साठविताना त्यापुढे तो किती बाइटांचा आहे तो आकडाही लिहून ठेवते. हलविताना मजकुरात एका बाइटचाही फरक पडला आणि आकडा जुनाच राहिला, तर नोंद वाचता येत नाही आणि त्या प्रकारची सगळी विजेटे एकदम जातात. रोमन अक्षरास एक बाइट पुरतो, म्हणून इंग्रजी मजकूर अशा स्थलांतरात सहसा टिकतो. देवनागरी चिन्हाचे तीन बाइट असतात. अक्षरसंच चुकून त्याचे प्रश्नचिन्ह झाले की तिनाचा एक होतो. मराठी मथळ्याची विजेटे गेली आणि बाकी सारे राहिले असे कोणी सांगितले की आम्ही प्रथम याची चौकशी करतो. हलविण्यापूर्वी पट्टीतील प्रत्येक मजकुराची प्रत साध्या फाइलमध्ये उतरवून ठेवणे हा त्यावर सर्वांत स्वस्त विमा आहे.

दिग्गीहून परतल्यावर आम्ही अर्जाचा नमुना परक्या चौकटीतून काढला. तो आता साध्या देवनागरी मजकुरात, त्या विषयाच्या प्रत्येक लेखाच्या पोटात, शेवटच्या परिच्छेदानंतर आहे. चित्र नाही, कागद दाखविणारी खिडकी नाही. 2जीवरही तो येतो, निवडून उचलता येतो आणि संदेशातून पुढे पाठविता येतो. 1956नंतर केंद्राने ठरविलेल्या भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणयोजनेतील जे कलम आमच्या वाचकांना वरचेवर लागते, म्हणजे जिल्ह्यात वा तालुक्यात अल्पसंख्याक भाषिकांचे प्रमाण 15 टक्के किंवा अधिक असल्यास महत्त्वाचे नियम व सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, तेही त्याच्याखाली जोडले आहे. पट्टीत आता यादी, सूची आणि टीप एवढेच उरले. वाचकसंख्येची चौकट काढून टाकली; डोंगराखालच्या वाचकांना ती मोजतच नव्हती.

दिग्गीच्या वाचकाने नमुना वहीच्या कागदावर हाताने उतरवून अर्ज केला. कार्यालयाने तो घेतला, पोचही दिली. उत्तर अद्याप यावयाचे आहे.

स्नेह्यांच्या ब्लॉगांचे दुवे दाखविणारे विजेट मात्र परत आलेले नाही. ते पुरविणारी सेवाच आता उघडत नाही. त्यातील नावे आम्ही आठवून आठवून, एकेक पत्ता तपासून, साध्या यादीत लिहीत आहोत. आतापर्यंत अकरा झाली. त्यांतील चार ब्लॉग उघडतात. कोणाकडे बाकीच्यांचे नवे पत्ते असतील तर कळवावे.