पहिली दहा मिनिटं

जगातल्या पुष्कळ थोर चित्रपटांची पहिली दहा मिनिटं मला तोंडपाठ आहेत. 'पथेर पांचाली'तली छोटी दुर्गा बागेतला पेरू उचलून पळते, 'राशोमोन'च्या पडक्या वेशीवर पाऊस कोसळत असतो, 'बायसिकल थीव्हज'मधल्या बापाला एकदाचं काम मिळतं, आणि तेवढ्यात दारावर थाप पडते. उशिरा आलेले चौघे बाहेर उभे असतात. त्यांना बॅटरीच्या उजेडात खुर्च्यांपर्यंत न्यायचं, उजेड जमिनीवरच ठेवायचा, कुणाचा पाय तुडवला गेला तर हळू आवाजात माफी मागायची. परत दाराशी यावं, तर चहावाला हिशेब घेऊन उभा. अपू आणि दुर्गा ज्या आगगाडीमागे धावतात ती मी आमच्या महोत्सवात कधी पाहिली नाही. दाराच्या फटीतून नुसती ऐकली आहे.

तालुक्याच्या गावात चित्रपट महोत्सव भरवणाऱ्यांचं नशीब हे असं. सिनेमाचं वेड ज्याला सगळ्यांत जास्त, त्याच्याच वाट्याला सिनेमा सगळ्यांत कमी येतो. मुलीच्या लग्नात बाप शेवटच्या पंगतीला जेवतो, तसंच हे.

आमच्या मंडळींत जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक गुरुजी आहेत, औषधाचं दुकान चालवणारे एक जण, आयटीआयची दोन पोरं, वाचनालयातल्या एक बाई आणि एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर. या कंडक्टरकाकांना मी महोत्सवाचा खरा संचालक मानतो. दोघांत एक खुर्ची मोकळी सोडून बसायची अख्ख्या गावाची खोड त्यांनी एका आवाजात मोडली. "चला, आत सरकून घ्या, जागा आहे पुढे!" चित्रपट इराणचा असो की जपानचा, त्यांच्या लेखी तो वेळेवर सुटला पाहिजे आणि वाटेत कुणी उतरता कामा नये.

नगरपरिषदेचं सभागृह दिवसाढवळ्या काळोखं करणं हे पहिलं काम. बांधणाऱ्यानं ते भाषणांसाठी बांधलेलं, त्यामुळे झरोकेच झरोके. पोरं शिडीवर चढून त्यांना काळा कागद लावतात. दुपारच्या उन्हानं चिकटपट्टी सुटते आणि ऐन रडण्याच्या प्रसंगी नायिकेच्या गालावर उन्हाची तिरीप पडते. सभागृहामागेच मंगल कार्यालय आहे, म्हणून महोत्सवाच्या तारखा आम्ही पंचांगातल्या लग्नतिथी चुकवून धरतो. तरी एकदा वरात आलीच. आत बर्गमनची माणसं एकमेकांशी न बोलता बसलेली, बाहेर डीजे. गुरुजी तडक रस्त्यावर गेले. नवरदेव त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. त्यानं आवाज बंद करून वरात कोपऱ्यापलीकडे नेली खरी, पण पुढे गुरुजींना त्याच्यासोबत नाचवूनच सोडलं. ते परत आले तेव्हा सदऱ्यावर गुलाल होता आणि चित्रपट संपला होता.

पूर्वी धास्ती वेगळी असे. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 मध्ये सुरू झालं, आणि पुढे त्याच्या वितरण विभागाकडून सोळा मिलिमीटरच्या प्रती ठिकठिकाणच्या फिल्म सोसायट्यांना मिळू लागल्या. पत्र्याचे डबे प्रवास करून येत. प्रोजेक्टर एकच असला की रीळ बदलताना दिवे लागत, तेवढ्यात विड्या पेटत आणि वादही. आता मोठ्या महोत्सवांना चित्रपट हार्ड डिस्कवर कुलूपबंद येतो आणि त्याची किल्ली ठरावीक तारखांपुरतीच चालते. आमच्यासारख्यांना दिग्दर्शक मेहेरबानीनं लिंक पाठवतो, ती रात्री जागून उतरवायची. रीळ तुटलं तर जोडता येत होतं. फाइल उघडली नाही तर फक्त फोन लावत बसता येतं.

फिल्म सोसायट्यांचा इतिहास सांगताना कलकत्त्याची 1947 ची सोसायटी, सत्यजित राय अध्यक्ष असलेलं 1959 चं फेडरेशन, मुंबईचं 1968 चं प्रभात चित्र मंडळ अशी नावं येतात. ती मोठीच आहेत. पण माझा नमस्कार हेग्गोडूला. कर्नाटकातल्या शिवमोगा जिल्ह्यात, सागर तालुक्यात, सुपारीच्या बागांमधलं हे खेडं. तिथे 1949 मध्ये 'नीनासम' ही नाटक मंडळी उभी राहिली. लेखक आणि सुपारीचे बागायतदार के. व्ही. सुब्बण्णा हे तिचा प्राण. 1973 मध्ये याच मंडळींनी 'चित्रसमाज' काढला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये रसग्रहण शिकवणारे सतीश बहादूर तिथे शिबिरं घ्यायला जात. राय, कुरोसावा, डी सिका हे सारे त्या खेड्यानं पाहिले. हे चित्रपट अवघड असतात असं त्या प्रेक्षकांना कुणी आधी सांगून ठेवलेलं नव्हतं, आणि मला वाटतं, निम्मी लढाई तिथेच जिंकली गेली. 1991 मध्ये सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुण्याहून गेलेले डबे कुणी उतरवले, पडदा कुणी ताणून बांधला, शेवटच्या माणसाच्या हाती कंदील कुणी दिला, हे मला त्या पुरस्कारापेक्षा अधिक जाणून घ्यावंसं वाटतं.

कोल्हापुरात 'सैरंध्री' काढणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या नावाची सोसायटी महोत्सव भरवते. धरमशालेत रितू सरीन आणि तेनझिंग सोनम या दिग्दर्शक जोडप्यानं 2012 मध्ये डोंगरावरच महोत्सव मांडला. आपल्याकडे जत्रांमधून तंबू टॉकीज हिंडल्या; त्यांच्यावर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा सुंदर माहितीपट 2016 मध्ये आला. पण तंबूवाल्यांचं पोट त्यावर होतं. आमच्या औषधवाल्याचं उलट आहे: महोत्सवाचे तीन दिवस त्याचं दुकान बंद.

म्हणूनच 'निःस्वार्थ सेवा' हे शब्द मला अलीकडे ऐकवत नाहीत. उद्घाटनाला पाहुणे येतात, शाल-श्रीफळ होतं, सिनेमावर अर्धा तास बोलणं होतं आणि श्रेयनामावली सुरू होताच गाड्याही सुरू होतात. आम्ही मग शाली बंद केल्या. तो पैसा पोरांच्या जेवणाला आणि रात्री उशिरा गावी परतणाऱ्यांच्या गाडीभाड्याला लावला. प्रोजेक्टर चालवणाऱ्याला मानधन देतो, तेही वेळेवर. वाचनालयातल्या बाईंनी आणखी एक हट्ट धरला: प्रोजेक्टर सकाळी परत करायचा असतो, तेव्हा शेवटच्या रात्री एक चित्रपट फक्त कार्यकर्त्यांसाठी लावायचा. लावला. निम्मे जण घोरत होते. कंडक्टरकाका मात्र टक्क जागे राहिले आणि संपल्यावर म्हणाले, "दिग्दर्शकानं मधे दोन थांबे जास्त घेतले."

तुमच्या गावात असा महोत्सव भरत असेल तर पास विकत घ्या, फुकटचा मागू नका. चित्रपट सुरू व्हायच्या आधी येऊन बसा, म्हणजे दारावरच्या माणसालाही दहा मिनिटांच्या पुढचं काही दिसेल. आणि शेवटचा खेळ संपल्यावर निघताना चार खुर्च्या भिंतीशी लावून जा. सभागृहाची किल्ली रात्री बाराच्या आत परत द्यावी लागते.