दगडाला काचेचा सोस

दगडी घर म्हटलं की आपल्याला चिरेबंदी वाडा आठवतो. जाड भिंती, आत गारवा, खिडक्या बेताच्या. इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या टेकडीवरचा हार्डविक हॉल हा हिशेब पार चुकवतो. इथे दगड आहे तो काच धरून ठेवण्यापुरता. भिंत कमी नि काच फार, अशी तिकडचे लोक यमक जुळवून या घराची थट्टा करतात.

दगड तिथलाच, पायथ्याच्या खाणीतला पिवळसर वालुकाश्म. बांधणारी बाई श्रूजबरीची काउंटेस एलिझाबेथ, ऊर्फ बेस. चार नवरे झाले, चारही गेले. 1590 साली पाया खणला तेव्हा तिची साठी उलटली होती आणि शेजारी तिच्याच दुसऱ्या घराचं काम अजून चालू होतं! 1597 मध्ये ती इथे राहायला आली. आराखडा बहुधा रॉबर्ट स्मिथसनचा.

खिडक्या मजल्यागणिक उंच होत जातात. सगळ्यात वर, जिथे मानाचे पाहुणे यायचे, तिथे तर भिंत शोधावी लागते. मग धुराडी न्यायची कुठून? ती आतल्या भिंतींतून वर काढली. तरीही काही ठिकाणी बाहेरून खिडकी, मागे चक्क भिंत. रांग बिघडू नये म्हणून घेतलेलं सोंग. मला ही लबाडी मनापासून आवडते.

वर जायचा दगडी जिना एका जागी गिरक्या घेत नाही. घराच्या पोटातून रमतगमत चालत जातो. आणि सहा मनोऱ्यांच्या माथ्यावर, दगडात आरपार कोरलेली ‘ई’ आणि ‘एस’ ही अक्षरं. आपण दारावर नावाची पाटी लावतो. बाईंनी ती आभाळात लावली.

एवढ्या काचेतून थंडी आत येणारच. त्यावर उतारा म्हणजे लोकरीचे विणलेले भित्तिपट. लांबलचक गॅलरीतले बायबलमधल्या गिदोनच्या कथेचे पट बाईंनी दुसऱ्याच्या घरून विकत घेतले. त्यावरचं जुन्या मालकाचं कुलचिन्ह झाकावं लागणार, म्हणून किमतीत 5 पौंड कमी करून घेतले. बाई पक्की व्यवहारी!

त्या पटांचे रंग उडू नयेत म्हणून आता पुष्कळ खिडक्यांवर पडदे ओढलेले असतात. तेव्हा गेलात तर लगेच आत शिरू नका. घराचं तोंड पश्चिमेला आहे. उन्हं कलेपर्यंत बाहेरच थांबा.